मालाम्बोच्या गल्लीत न थांबलेली बग्गी

मित्रांनो, बसा. कुठंही बसा, फक्त माझ्या मागच्या बाजूला पाठ टेकू नका. का, ते शेवटी सांगते.

मी एक जुनी बग्गी आहे. चाकं काढून घेतल्यापासून खरं तर मी एक छोटी खोलीच झाले आहे. पण आयुष्यभर बग्गी म्हणवून घेतल्यावर या वयात स्वतःला खोली म्हणवणं जिवावर येतं.

माझा जन्म लीमा शहरात, पुलाजवळच्या एका सुताराच्या अंगणात झाला. लाकूड ग्वायाकीलहून जहाजाने आलं होतं. दोन उंच चाकं, आत दोघांची बैठक, काळ्या कातड्याचं छप्पर आणि दारावर एक सोनेरी डाळिंब. सुताराने माझ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि म्हणाला, "ही माझ्यापेक्षा जास्त जगेल." पुढच्याच आठवड्यात तो वारला. त्याचं बोलणं एवढं पटकन खरं होण्याची काही गरज नव्हती.

मला घेतलं डॉक्टर फेर्मीन ओलासाबाल यांनी. माणूस भारदस्त होता, गुडघे त्याहून भारदस्त. सुजून कलिंगडासारखे झालेले. त्यामुळे पायी चालणं बंद. त्यांची उपचाराची पद्धत साधी होती. आधी जुलाब द्यायचा. त्याने उतार पडला नाही तर रक्त काढायचं. त्यानेही पडला नाही तर जळवा लावायच्या, आणि तरीही पडला नाही तर रोगी हट्टी आहे असं म्हणायचं. एक औषध मात्र त्यांच्याकडे खरोखर गुणाचं होतं. डोंगरातून येणारी एक कडूजहर साल. तिची पूड वाइनमध्ये घालून दिली की हिवताप पळायचा. ती पेटी माझ्या बैठकीखाली असायची. त्या वासाने माझी लाकडं अजून कडू लागतात, असं इथली वाळवी म्हणते.

गाडीवान होता कायेतानो ब्रान, आणि घोडी गोलोन्द्रीना. कायेतानो तिच्याशी दिवसभर बोलायचा, ती रात्री विचार करून सकाळी शेपटीने उत्तर द्यायची. रोज संध्याकाळी तो माझ्या आसाला चरबी लावायचा, डाळिंब फडक्याने घासायचा. "राणीसाहेब, जरा वाका," असं मला म्हणायचा. मी वाकत नसे, पण बरं वाटायचं.

आता आमच्या शहराची रीत सांगते, कारण सगळं पुराण तिथूनच सुरू होतं. मरणाऱ्याच्या तोंडी शेवटचा प्रसाद घालायला पाद्री निघाले की पुढं घंटा वाजते. ती ऐकून रस्त्यावरची गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. आतल्याने, मग तो व्हाइसरॉय का असेना, खाली उतरून टोपी काढायची, गुडघे टेकायचे, आणि गाडी पाद्र्यांना द्यायची. मग पाद्री गाडीत, आणि गाडीचा मालक मागून पायी.

डॉक्टर जायचे ते अत्यवस्थ माणसाकडे. फादर लूकासही त्याच्याचकडे. दोघांची गाठ वाटेत पडणारच. मग काय, फादर माझ्यात बसायचे आणि डॉक्टर मागून कण्हत, खुरडत यायचे. औषधाची पेटी माझ्यात, औषध देणारा दोन गल्ल्या मागे. दारात बग्गी थांबायची, रोगी आशेने मान उचलून बघायचा, आणि बग्गीतून उतरायचे फादर! काय समजायचं ते तो समजायचा. डॉक्टर धापा टाकत पोचेपर्यंत हा भिंतीकडे तोंड करून मोकळा.

असा गेला तादेओ, मेणबत्त्या करणारा. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. अशा गेल्या दोन्या मेल्चोरा, म्हणजे मेल्चोराबाई, बोटात चौकोनी अंगठी घालणाऱ्या. असाच गेला मिठाईवाल्याचा छोटा पास्कुआल. तो तर मी थांबल्यावर खिडकीतून मला बघून हसला होता. त्याला डाळिंब आवडलं होतं.

हळूहळू गावात बोललं जाऊ लागलं. औषध उशिरा पोचतं असं कुणीच म्हणालं नाही. काळी बग्गी ज्याच्या दारात थांबते तो उठत नाही, असं म्हणाले. धावती बग्गी बाधत नाही, थांबलेली बाधते. मला पाहिलं की बायका दारं लावून घ्यायच्या आणि पुरुष "चला, पुढं चला, इथं सगळे ठणठणीत आहेत!" असं खोकत खोकत ओरडायचे. एका शिंप्याच्या दारात घोडी लघवीला थांबली, तर त्याने मृत्युपत्र केलं, अंथरूण घातलं आणि जेवण सोडलं. बायकोने लाटणं घेऊन उठवला म्हणून वाचला.

कायेतानोचीही पंचाईत झाली. तो नदीपलीकडे मालाम्बोत राहायचा. स्वतःच्या घरासमोर मला थांबवायची सोय राहिली नाही. मग तो कोपऱ्यावर चालत्या बग्गीतून उडी मारायचा, पळत घरात जाऊन जेवायचा, आणि तोवर त्याचा भाऊ मला गल्लीभोवती फिरवत राहायचा.

त्या हिवाळ्यात कायेतानोच्या मुलीला, इग्नासियाला, ताप भरला. एक दिवसाआड यायचा आणि पोरीला पाचोळ्यासारखी थरथरवायचा. शेजारच्या खाकोबा मावशींनी जिवंत गिनीपिग तिच्या अंगावरून फिरवून पाहिला. त्याने रोग ओढून घेऊन मरायचं असतं. तो मेला नाही, उलट मावशींच्या हाताला चावून कोबी खायला गेला.

"कायेतानो, डॉक्टरला आण," मावशी म्हणाल्या. "पण त्या काळ्या अवदसेला दारात थांबवलंस, तर मीच तुला उभा चिरीन."

"मग डॉक्टर येणार कशावर? माझ्या पाठुंगळीवर?"

"ते मला काय ठाऊक! पोरगी काय म्हणते ते ऐक आधी."

इग्नासिया अंथरुणातून म्हणाली, "बाबा, बग्गी थांबली की मी जाणार ना?"

मित्रांनो, मी कोपऱ्यावर होते. मला ते ऐकू आलं. लाकडालाही शरम वाटते.

कायेतानोने डॉक्टरांचे पाय धरले. सुजलेले असल्यामुळे डॉक्टर आधी ओरडले, मग ऐकून घेतलं. "साल अशीच देता येत नाही," ते म्हणाले. "नाडी बघावी लागते, जीभ बघावी लागते. भलत्या वेळी दिली तर घात." मग बराच वेळ मिशी चावून म्हणाले, "न थांबता बघतो. फिरव बग्गी."

दुपारची वेळ होती, पण लीमाचं ते हिवाळी धुकं असं उतरलं होतं की घोडीला स्वतःचे कान दिसत नव्हते. सगळ्या वस्तूंवर ओल धरली होती. इग्नासियाला खिडकीशी बसवलं, आणि आम्ही गल्लीभोवती फेऱ्या घालू लागलो. खिडकीशी आलं की डॉक्टर हात बाहेर काढून तिचं मनगट धरायचे. एका फेरीत नाडीचे जेमतेम दोन ठोके हाती लागायचे. ते जपून ठेवून पुढच्या फेरीत त्यात भर घालायची. मग जिभेची फेरी झाली. मग लघवीच्या बाटलीची फेरी झाली. तिच्याबद्दल एवढंच सांगते की ती माझ्या गादीवर संपली.

"साल द्यायची!" डॉक्टर ओरडले. "याच ताप उतरलेल्या वेळात!"

पहिला पेला धक्क्याने सांडला. दुसरा मावशींच्या तोंडावर. "आता माझा ताप गेला, पोरीचं बघा!" मावशी थुंकत ओरडल्या. पेटीत एकाच पेल्यापुरती पूड उरली. डॉक्टरांनी तो पेला दोन्ही हातांत धरला. खिडकी जवळ आली. इग्नासियाने हात पुढे केला.

आणि धुक्यात घंटा वाजली.

कायेतानोने लगाम खेचला. त्याने ठरवून खेचला नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेले. गोलोन्द्रीनाने चारही खूर चिखलात रोवले. बरोबर त्याच्याच दारासमोर. इग्नासियाचा पुढे आलेला हात मागे जाऊ लागला.

घोडी थांबली होती, मित्रांनो. मी थांबले नाही.

माझ्या पाठीला काहीतरी लागलं. गार. मग आणखी एक, मग पुष्कळ. आवाज नव्हता, श्वास नव्हता, फक्त भार. माझी चाकं फिरतच राहिली, आणि गोलोन्द्रीना चारही पाय ताठ ठेवून चिखलावरून घसरत पुढे निघाली, एखादं टेबल सरकवावं तशी.

"कायेतानो, थांब!" धुक्यातून फादर लूकास ओरडले. "मी प्रसाद घेऊन आलोय!"

"थांबवलीय, फादर! ही ऐकत नाही!"

"मी गुडघे टेकलेत, फादर!" आतून डॉक्टर विव्हळले. "माझ्याकडून कसूर नाही!" आणि गुडघ्यांवरूनच त्यांनी पेला खिडकीत दिला.

"बाबा," इग्नासिया म्हणाली, "थांबली नाही!" आणि तिने पेला घटाघटा रिकामा केला.

मी कोपऱ्यावर जाऊन आपोआप उभी राहिले. फादर पायीच पुढे गेले. ते ज्या म्हाताऱ्याकडे निघाले होते तो त्याच संध्याकाळी गेला, माझं तोंडही न पाहता. पण या गोष्टीचा विचार कुणी केला नाही.

इग्नासिया वाचली. मात्र प्रसादासमोर न थांबल्याबद्दल चौकशी बसली. घोडीच्या खुरांचे घसरल्याचे चर पाहून तिला सोडलं. हातांवरचे लगामाचे वळ पाहून कायेतानोला सोडलं. डॉक्टरांचे गुडघे कुणाला पाहवले नाहीत. उरले मी. माझी चाकं काढून मला या कोठीत ठेवायची शिक्षा झाली.

शिक्षेच्या आदल्या संध्याकाळी, चौकशी बसल्यापासून पहिल्यांदाच, कायेतानो फडकं घेऊन मला पुसायला आला. डाळिंब पुसलं, दारं पुसली, मग मागे गेला आणि तसाच उभा राहिला. माझ्या पाठीवरच्या वाळलेल्या चिखलात पंजे उमटले होते, एकावर एक. एका पंजाला दोन बोटं कमी होती. एकावर चौकोनी अंगठीचा ठसा होता. आणि सगळ्यांत खाली, चाकाजवळ, एक चिमुकला पंजा.

कायेतानोने फडकं खिशात घातलं. टोपी काढली.

पुढं इग्नासिया दर वर्षी यायची, मोठी झाली, म्हातारी झाली. येताना तेल आणायची आणि सगळीकडे लावायची. आता ती येत नाही. तेव्हा मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाच्या दारात औषध घेऊन जाल तेव्हा आधी औषध उतरवा. आणि कधी मनात आलं तर माझी धूळ झटका, कातड्याला तेल लावा, डाळिंब घासा.

मागची बाजू मात्र पुसू नका. परवा मोजले, तर त्यात एक पंजा नवा आहे. म्हातारीचा आहे, आणि त्याला तेलाचा वास येतो.