तेवीस धागे

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी चहाचा दुसरा घोट घेऊन तिने जाहीर केलं, "मी पुन्हा विणायला बसणार आहे."

नवऱ्याने टोस्टवरचं लोणी उगीचच पुन्हा एकदा पसरलं. तो दातांचा डॉक्टर. दुखणार असेल तर ते पेशंटला कसं सांगायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. बायकोला सांगायची वेळ आली की मात्र त्याचीच जीभ बधिर व्हायची.

"अगं, तो हातमाग मी ताईला कबूल करून बसलोय," तो शेवटी म्हणाला. "तिच्या हस्तकलेच्या वर्गाला हवाय. रविवारी सकाळी गाडी घेऊन येणार आहे ती. आणि त्या कोपऱ्यात माझी सायकल..."

"कुठली सायकल?"

"व्यायामाची. शनिवारी येतेय. मलाही संकल्प असू शकतात ना?"

तो अगदीच चुकला होता असंही नाही. माग सात वर्षं बसायच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. आधी मुलीच्या परीक्षा आल्या, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग तिची बढती. ताणलेले करडे धागे आणि चार बोटं विणलेलं कापड तसंच राहिलं आणि वर घरातले टॉवेल वाळू लागले.

ती वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. बाजारातला किलो खरोखर किलो आहे का, हे बघण्यात वीस वर्षं गेल्यामुळे भांडणात आवाज चढवण्यापेक्षा आकडा सांगणं तिला सोपं जायचं.

"रविवारी ताई येईपर्यंत वीतभर नवं कापड विणलं, तर माग इथेच राहील," ती म्हणाली. "नाही झालं, तर मी स्वतः तो गाडीत चढवून देईन."

"वीत कोणाची?" सासूबाईंनी विचारलं.

"बावीस सेंटिमीटर," ती म्हणाली.

"घ्या! हिला साधं वीतभर म्हणताच येत नाही," सासूबाई नातीकडे बघत म्हणाल्या.

न्याहारी उरकून तिने टॉवेल उचलले, धूळ झटकली आणि सवयीप्रमाणे आधी उभे धागे मोजले. दोनशे चाळीस हवे होते. भरले दोनशे सतरा. तिने उलट्या बाजूने मोजून पाहिले. तरीही दोनशे सतराच.

धागे तुटले असते तर त्यांची टोकं लोंबत राहिली असती. इथे टोकंही नव्हती. कुणीतरी पुढून धागा कापून मागच्या रुळावरून थेट ओढून काढला होता. ती डोळ्यांना भिंग लावून बसली आणि अर्ध्या तासाने तिने सगळ्यांना मागासमोर उभं केलं.

"उजव्या कडेचे सलग अकरा धागे गेलेत. अगदी शिस्तीत, एकाशेजारी एक. त्या बाजूला खुर्ची कोणाची असते?"

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "घेवड्याचा वेल बांधायला घेतले. वेल किती छान चढलाय बघ तरी!"

"मधले आठ?"

"मैत्रिणींसाठी हातात बांधायचे पट्टे केले," मुलगी म्हणाली. "आई, मला वाटलं तू ते विसरलीस."

"डावीकडचे चार. इथून एक, तिथून एक. म्हणजे चार वेगवेगळ्या वेळी, चोरून."

"चोरून काय!" नवरा उसळला. "एकदा चष्म्याची दांडी बांधली. एकदा पार्सल. बाकीचे... आठवत नाहीत."

हसावं की रडावं, तिला कळेना. सुताला तो रंग तिने स्वतः दिला होता. आडव्या विणीपुरतं दुसरं सूत घरात होतं, पण त्या रंगाचं हातभरही आता शिल्लक नव्हतं. असंच विणलं तर कापडाला ठिकठिकाणी भोकं पडली असती. सगळं कापून नव्याने धागे चढवायचे तर त्यातच तीन दिवस गेले असते.

नवरा हळूच म्हणाला, "मग ताईला कळवू का?"

"थांबा. ज्याने जेवढे नेले, त्याने तेवढे भरून द्यायचे. करडा रंग नसला तरी चालेल. पण पक्का धागा हवा."

सासूबाईंनी क्रोशाचा गडद लाल दोरा काढून दिला. मुलीने भरतकामाचा हिरवा. नवरा दवाखान्याच्या बॅगेत बराच वेळ खुडबुडला आणि दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची डबी घेऊन आला.

"मेण लावलेला आहे," तो अभिमानाने म्हणाला. "तुझ्या सुतापेक्षा पक्का."

नवे धागे मागच्या रुळावर गुंडाळलेले नव्हते. ते ताठ राहायला प्रत्येकाला पन्नास ग्रॅम वजन हवं होतं. तिने स्वयंपाकघरातला काटा आणला आणि घरभर वजनं शोधली. शेवटी उपयोगी पडले ते नवऱ्याच्या माळ्यावरचे पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे जुने साचे. एक जबडा बरोबर दोनशे ग्रॅमचा निघाला. पांढऱ्या चार धाग्यांना एक जबडा, हिरव्या आठांना दोन, लाल अकरांना दोन जबडे आणि एक मोठा चमचा लागला. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे गेला की पलीकडे पाचही जबडे हसल्यासारखे हलायचे. मुलगी हसून हसून जमिनीवर बसली.

धागे ओवण्यात गुरुवार संपला. शुक्रवारी ऑफिसातून येऊन तिने पाच सेंटिमीटर विणले. शनिवारी सायकल आली, खोक्यासकट दारातच राहिली, कारण नवरा मागापाशी उभा होता.

"माझे चार ठीक आहेत ना? डावीकडचा जरा सैल वाटतोय."

"तुम्ही हात लावू नका."

"लावत नाही गं. नुसतं बघतोय."

रविवारी ताई तासभर आधीच आल्या. खाली गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा तिने पट्टी लावली. एकोणीस. तिने धोटा खाली ठेवला आणि एकेक जबडा सोडवायला हात पुढे केला.

"काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"तीन सेंटिमीटर कमी आहेत. मीच कबूल केलं होतं."

"अगं, पण त्यात माझे धागे आहेत! ते कसे देऊन टाकशील?"

"माझेही," मुलगी म्हणाली.

सासूबाई काठी टेकत आल्या. त्यांनी नव्या कापडावर पंजा पसरला. अंगठा जुन्या कापडाच्या कडेवर, करंगळी थेट शेवटच्या विणलेल्या धाग्यावर. "झाली की वीत. मी विचारलं होतं ना, कोणाची? हिच्या सेंटिमीटरला मी कधी हो म्हटलं?"

ती त्या लहानशा, सुरकुतलेल्या हाताकडे बघत राहिली. वीस वर्षांत तिने असं माप एकदाही पास केलं नव्हतं. ते तिने आज केलं.

दारात उभ्या ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मी एवढी गाडी घेऊन हात हलवत परत जायचं होय?"

"छे छे!" नवरा म्हणाला. "ताई, तुला गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितलाय ना? ही सायकल ने. खोकंसुद्धा फोडलेलं नाही." इतका हलका चेहरा त्याचा गेल्या आठवड्याभरात कुणी पाहिला नव्हता.

गाडी गेली. सासूबाई ओले टॉवेल घेऊन बराच वेळ जागा शोधत फिरल्या.

जेवणाआधी तिने उरलेले तीन सेंटिमीटर विणले. मोजायला कुणी आलं नाही. तिने मोजले.