वाईट नाही

आमच्या घरात कौतुकाचं तसं वावडंच. आई रविवारी मेंढीची तंगडी भाजायची, सगळे हाडं चोखून मोकळे व्हायचे आणि मग माझा थोरला भाऊ क्लॅरी खुर्ची मागे ढकलत म्हणायचा, "वाईट नाही." एवढ्यावर आई आठवडाभर खूश. "अजिबात वाईट नाही" हे तर त्यानं माझ्या माहितीत एकदाच म्हटलं, तेही एका घोडीबद्दल. पोर्ट मेलबर्नमध्ये सगळेच असे. कुणी "वा, अप्रतिम!" म्हणालं की आम्ही आधी खिसा सांभाळतो, कारण तो नक्की काहीतरी विकायला आलेला असतो.

लढाईच्या दिवसांत मी आमच्याकडच्या विमानाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकत होते. क्लॅरी तिथेच नव्या विमानांची चाचणी घेणारा वैमानिक. आणि ट्रेगिअरसाहेब विमानाचा आराखडा करणारे. ते इंग्लंडातल्या ब्रिस्टॉलहून नुकतेच आले होते. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा, त्या उकाड्यातही कोटाची सगळी बटणं लावून फिरायचे आणि डबा एकटेच खायचे.

त्यांचं विमान पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा आम्हाला हसू आवरेना. शेपटी पुढे, मोठे पंख मागे आणि पंखा पार ढुंगणाला.

"हे येतंय की जातंय?" आमचा मुकादम आल्बी म्हणाला.

मी म्हटलं, "याबी आहे ही!" याबी म्हणजे आमच्या तळ्यातला शेवंडीचा धाकटा भाऊ, धोका दिसला की शेपटीकडून पळतो. नाव चिकटलं. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते लालबुंद झाले आणि आम्हाला वाटलं, आता बसणार बोलणी. दुसऱ्या दिवशी पाहतो तर विमानाच्या नाकावर खडूनं एक झकास याबी काढलेली, दोन्ही नांग्या उगारलेली. स्वतः साहेबांनी काढली होती. तेव्हापासून त्या माणसासाठी आम्ही जेवण सोडून राबायला तयार होतो.

याबीत समोर पंखा नसल्यामुळे वैमानिकाला पुढचं सगळं मोकळं दिसायचं, आणि वर तर ती अशी चढायची की आमच्या माना दुखायच्या. पहिल्या उड्डाणानंतर क्लॅरी खाली उतरला, गवतावर बसला, एक बूट काढला आणि काही कारण नसताना परत घातला. त्याचे डोळे ओले होते.

"वारा फार होता वर," तो म्हणाला. काच बंद असताना कसला आलाय वारा! मी माझ्या भावाला ओळखून आहे.

मग लंडनहून तीन साहेब आले. याबी आणखी बांधायच्या की इथेच थांबायचं, ते त्यांच्या हातात होतं. उड्डाणं थोडीच झाली होती, आकडे कमी होते, म्हणून त्यांना वैमानिकाच्या तोंडूनच ऐकायचं होतं. आम्ही सगळे हातातली कामं थांबवून कान देऊन उभे. ट्रेगिअरसाहेब बाजूला, हात पाठीमागे बांधून.

"हं, बोला. कसं आहे विमान?" त्यांच्यातल्या मिशीवाल्यानं विचारलं.

क्लॅरीनं याबीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वाईट नाही," तो म्हणाला. आणि मग, घसा खाकरून, "अजिबात वाईट नाही, साहेब."

आल्बीनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. घोडीनंतर प्रथमच! साहेब लोक गाडीत बसले न बसले तोच आम्ही बारकडे धावलो, कारण सहाला बार बंद व्हायचा. आल्बीनं स्वतःच्या पैशानं बिअर पाजली, ही तर इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट. ट्रेगिअरसाहेब मात्र आले नाहीत. दमले असतील, आम्ही म्हणालो.

थोड्याच दिवसांत हुकूम आला. पुढे बांधायची नाही. आहे ती मोडा. मी ठोकलेले रिव्हेट मीच ड्रिलनं काढले, आणि काढताना ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली. नांग्या उगारलेला तो पत्रा भंगाराच्या गाडीतून गेला. आम्ही लंडनला यथेच्छ शिव्या घातल्या. आमचं काही त्यांच्या डोळ्यांत खुपतं, दुसरं काय?

लढाई संपली आणि ट्रेगिअरसाहेब मायदेशी निघाले. मी आणि क्लॅरी बंदरावर पोचवायला गेलो. क्लॅरी कागदाच्या रंगीत फिती आणायला गेला. बोट सुटताना एक टोक जाणाऱ्यानं धरायचं, एक राहणाऱ्यानं.

"तिकडे जाऊन याबी बांधा, साहेब," मी म्हटलं. "बघू दे त्या गाढवांना."

"नाही, मिस हॅनफिन. मेहुण्याचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे, तिथे बसेन. आता विमानाची रेघ ओढणार नाही." ते हसले. "आणि ते गाढव नव्हते. तुमच्या भावानं प्रामाणिकपणे सांगितलं. वाईट नाही. काठावर पास. सगळं आयुष्य घातलं मी त्यात, आणि काठावर पास."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "अहो साहेब! आमच्यात ‘वाईट नाही’ म्हणजे... अहो, त्याच्यावर काही नसतंच!"

ते नुसते मान हलवत राहिले, लहान पोरानं घातलेली समजूत ऐकावी तसे. मी धावत जाऊन क्लॅरीला बाहीला धरून आणलं. वाटेत सगळं सांगितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

तो साहेबांसमोर टोपी चुरगळत उभा राहिला. "साहेब," तो म्हणाला, "तसं विमान मी दुसरं पाहिलं नाही. सुंदर होतं. फार सुंदर होतं ते. तुम्ही पुन्हा बांधा."

सुंदर! हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू भला माणूस आहेस, हॅनफिन. निरोप देताना माणूस असंच बोलतो. पण त्या दिवशी तू खरं बोललास, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही."

"देवाशपथ, साहेब..."

भोंगा झाला. साहेब वर गेले. क्लॅरीनं निळी फीत फेकली, त्यांनी झेलली. बोट सरकली, कागद ताणला आणि तुटला.

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, म्हणतात. पण ज्यानं कधी बोलायचंच नाही असं ठरवलंय, त्यानं एकदा बोलून तरी काय उपयोग?

रविवारी आईनं तंगडी भाजली. क्लॅरीनं हाडं चोखली. ताट रिकामं झालं, पण त्यानं खुर्ची मागे ढकलली नाही.

"आई," तो म्हणाला, "फार सुंदर झालंय आज."

आईचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "करपलं का गं?"