बारा नंबरची सोड्याची बाटली

शाळेत असताना चित्रकलेत कुंदाचा हात भैरवीच्या कितीतरी पुढे होता. हे तेव्हा अख्ख्या वर्गाला माहीत होतं. आता एकट्या कुंदालाच आठवत होतं. कुंदा दिग्रसलाच राहिली, त्याच शाळेत चित्रकला शिकवू लागली. भैरवी मुंबईला गेली आणि मोठी झाली. टिकल्यांची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, असलं काहीबाही ती जाहिरातीसारख्या भडक रंगांत रंगवायची. लोक त्याला पॉप आर्ट म्हणायचे आणि रांगा लावून बघायचे.

तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे गोटीसोड्याची बाटली. जाळीतून एकेक रंग दाबून छापलेलं स्क्रीनप्रिंट. पन्नासच प्रती काढल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नंबर घातला, सही केली आणि जाळ्या मोडून टाकल्या.

त्यातली बारा नंबरची प्रत कुंदाच्या नवऱ्यानं, वामन वकिलांनी, घरी आणली.

"म्हटलं, मैत्रिणीचं चित्र पाहून तुले आनंद होईल."

"झाला ना," कुंदा म्हणाली. तिच्या घशाशी आंबट आलं होतं.

"कुठं लावू?"

कुंदानं पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत दाखवली. "तिथं उजेड चांगला येते."

दुपार कलली की त्या भिंतीवर ऊन नुसतं ओतल्यासारखं पडायचं. चित्रात होती तसली गुलाबी शाई उन्हात टिकत नाही, हे ती वर्गात दरवर्षी सांगायची.

लोक चित्र बघायला येऊ लागले. शेजारची नाजिया बराच वेळ बघत उभी राहिली आणि भाबडेपणानं म्हणाली, "कुंदाताई, तुम्ही भी काढत होत्या ना कधी?" त्या दिवशी कुंदानं खिडकीचा पडदाच काढून धुवायला टाकला. तो पुन्हा लावला नाही.

उन्हाळा सरेपर्यंत गुलाबी रंग उडाला. पिवळा विटला. निळी बाटली तेवढी उरली, तापातून उठल्यासारखी. वामनरावांना वाटलं, काचेवर धूळ बसली. ते रोज काच पुसायचे. ते पाहून कुंदाला पहिल्यांदा लाज वाटली, पण चित्र काही तिनं हलवलं नाही.

दिवाळीनंतर भाच्याच्या लग्नाला भैरवी दिग्रसला आली आणि न सांगता घरी येऊन उभी राहिली. केस पिकलेले, पायात साध्या चपला.

"काय कुंदे, वळखतं का नाही?"

चहा झाला. मग तिची नजर भिंतीवर गेली. ती उठली, चित्राजवळ गेली, मागं वळून खिडकीकडं पाहिलं.

"शाईच्या कंपनीनं रंग कच्चा देला वाटते," वामनराव ओशाळून म्हणाले.

"रंगाचा दोष नाही, भाऊजी. चित्र उन्हात राह्यलं." भैरवी कुंदाकडं वळली. "अन् तुले हे माहीत नसन, असं होतच नाही."

वामनरावांचा कप बशीत वाजला. कुंदाला खोटं बोलता आलं असतं. पण इतके महिने ते आंबट गिळून ती थकली होती.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मले पाहवत नव्हतं. मी तुह्यापेक्षा चांगली काढत होती."

"होतीच," भैरवी म्हणाली. "मी तुह्या जागी असती तं पहिल्याच दिवशी फाडलं असतं."

ती हसली, अगदी मोकळी. जाताना म्हणाली, "आता मले दुसरी प्रत छापता येत नाही. पण माह्या घरची पहिल्या नंबरची प्रत पाठवते. नाही म्हणू नको."

भैरवीची गाडी वळणाआड गेली. वामनराव घरात गेले आणि त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं. कुंदा फाटकापाशीच उभी राहिली. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण आजवर तिला भैरवीच्या नावाचाच हेवा वाटत होता. आता तिच्या मनाच्या मोठेपणाचाही वाटू लागला, आणि तो मोठेपणा टांगायला तिच्याकडं उन्हाची कुठलीही भिंत नव्हती.