वीस मनात

पावाचे ट्रे ठेवायचं एक लाकडी खोकं. अकरा दिवसांची वर्तमानपत्रं. जुन्या चादरीचे सहा तुकडे, उकळून वाळवलेले. गरम पाण्याची रबरी पिशवी, तापमापक, कात्री, दोऱ्याचं रीळ, बोटाएवढी दुधाची बाटली. आणि मी. मित्रांनो, ठिपकी नावाच्या कुत्रीच्या बाळंतपणासाठी बेकरीमागच्या खोलीत एवढ्या वस्तू जमल्या होत्या, आणि त्यांत सर्वांत जुना मीच होतो. मी एक वजनकाटा आहे.

माझ्या पोटात स्प्रिंग आहे, डोक्यावर पत्र्याचं पसरट ताट आहे आणि छातीवर पाच-पाच ग्रॅमच्या रेघांची तबकडी आहे. या घरातल्या आजोबांनी मला आणलं, तेव्हा मी तंतोतंत होतो. रोज चारशे पावांचे गोळे माझ्यावरून जात. गिऱ्हाइकं म्हणत, "पाव घ्यावा तर यांचाच. एक लहान नाही, एक मोठा नाही." ते कौतुक आजोबांचं होतं, पण मी त्यातला थोडा वाटा चोरून घेत असे.

एकदा मी ओट्यावरून पडलो. तबकडीची खालची काच फुटली. आजोबांनी तिथे पत्र्याची पट्टी ठोकली आणि माझं शून्य कायमचं झाकलं गेलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक वजन वीस ग्रॅम कमी दाखवू लागलो. आजोबांनी मला टाकलं नाही, दुरुस्तही केलं नाही. "वीस मनात धरायचे," एवढंच ते म्हणाले, आणि सगळं घर वीस मनात धरू लागलं. नवी सून आली की तिला आधी पाण्याचा नळ दाखवत, मग माझे वीस सांगत. आजोबा गेले. वीस मात्र राहिले.

आजोबांमागे भट्टी दोन भावांनी चालवली. थोरल्याची मुलगी अकरा वर्षांची. ती दिसेल ते मोजून वहीत लिहिते, म्हणून तिचे काका तिला 'मास्तरीण' म्हणत. पुढे पाव खपेनासे झाले. काका म्हणाले, भट्टी बंद करू. बाबा म्हणाले, मी असेपर्यंत नाही. मग काकांनी दूरच्या गावी कारखान्यात नोकरी धरली, आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. घरात काकांचं नाव निघालं की बाबा उठून जात. हळूहळू आईने आणि मास्तरणीनेही ते नाव घेणं सोडलं.

याच दिवसांत ठिपकीला दिवस राहिले. ती आठ वर्षांची होती. मागच्या खेपेला तिला चार पिल्लं झाली होती. भट्टीच्या गडबडीत कुणी लक्ष दिलं नाही आणि आठवड्यात चारही गेली. मास्तरीण तेव्हा खूप रडली होती. या वेळी तिने डॉक्टरीणबाईंना बोलावून सगळं विचारून घेतलं.

"ही हिची शेवटची खेप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध बेताचंच येणार. प्रत्येक पिल्लाचं सकाळ-संध्याकाळ वजन कर. जन्मताना असेल त्यापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी झालं तर चालतं. त्याखाली गेलं की लगेच बाटली दे आणि मला फोन कर."

"आधीपासूनच बाटली दिली तर?"

"नको गं. पोट भरलेलं पिल्लू आईला ओढत नाही. ओढलं नाही की होतं ते दूधही आटतं."

मास्तरणीने हे वहीत लिहिलं आणि 'लगेच'खाली दोन रेघा मारल्या.

तयारी सोपी नव्हती, कारण त्याच खोलीत काका-काकूंची बांधाबांध चालली होती. खोक्यावरून तर दोघी जावांची जुंपलीच.

"अहो ताई, माझी भांडी काय डोक्यावरून नेऊ?" काकू म्हणाल्या.

"भांडी चार दिवस थांबतील. ठिपकी थांबणार आहे का?"

"या घरात माणसांपेक्षा कुत्रीची बडदास्त जास्त, म्हणून तर निघालो आम्ही!"

दोघी हसल्या. काकूंनी भांडी चादरीत बांधली. खोकं ठिपकीला मिळालं.

मास्तरीण रोज दोनदा ठिपकीचं तापमान घेई. अडतीस पूर्णांक चार, अडतीस पूर्णांक तीन. शुक्रवारी सकाळी ते सदतीसवर आलं. "आजच," ती म्हणाली. काकाही त्याच संध्याकाळी निघणार होते.

दुपारी तीन पिल्लं झाली. दोन हललीच नाहीत. तिसरं पांढरं होतं, एका कानावर काळा डाग. मास्तरणीने माझं ताट गरम पिशवीने शेकलं आणि त्याला माझ्यावर ठेवलं. काटा दोनशेवर थांबला. वीस मनात. तिने लिहिलं, दोनशे वीस. त्याखाली लिहिलं, एकशे अठ्ठ्याण्णवच्या खाली गेलं तर बाटली.

संध्याकाळी काका निरोप घ्यायला मागच्या खोलीत आले. मास्तरीण बाहेर काकूंच्या गळ्यात पडली होती. काकांनी एक किलोचं लोखंडी वजन माझ्यावर ठेवलं, खिशातून पेचकस काढला आणि माझा खालचा स्क्रू फिरवत राहिले. काटा बरोबर एक किलोवर आला, तेव्हा त्यांनी ओल्या फडक्याने माझी तबकडी पुसली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पुन्हा खरा झालो. त्या वेळी माझ्याइतकं सुखी त्या घरात कुणी नव्हतं.

जाताना काका भट्टीच्या दारात थांबले. "दादा, काटा नीट करून ठेवलाय."

बाबा ट्रे पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी ऐकलं होतं. पण भावाचं बोलणं घरात कसं सांगायचं, हे ते महिनाभरात विसरले होते. ते वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

शनिवारी सकाळी पिल्लू दोनशे पंधरा भरलं. मास्तरणीने वीस मिळवले. "आई, दोनशे पस्तीस! वाढलंय!" ती नाचली. आईने ठिपकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी गं माझी बाय."

संध्याकाळी दोनशे पाच. तिने लिहिलं दोनशे पंचवीस. रविवारी सकाळी एकशे पंच्याण्णव. तिने लिहिलं दोनशे पंधरा. बाटली उकळून तयार होती. तिने ती हातात घेतली, वही पाहिली आणि खाली ठेवली. मला ओरडून सांगायचं होतं. पण काट्याला काटाच असतो, तोंड नसतं. संध्याकाळी एकशे पंच्याऐंशी. तिने लिहिलं दोनशे पाच.

"रडत का नाही गं ते?" आईने विचारलं.

"झोपलंय. अजून सात ग्रॅम आहेत आपल्याकडे."

सोमवारी सकाळी मी एकशे पंच्याहत्तर दाखवले. वहीत एकशे पंच्याण्णव आले. तिने लगेच बाटली घेतली, लगेच फोन केला. दूध पिल्लाच्या ओठांवरून परत येत होतं. डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी आपला छोटा काटा काढला. एकशे पंच्याहत्तर.

"तू लिहिलंयस त्यापेक्षा वीस कमी."

मास्तरीण माझ्याकडे पाहत राहिली. बाबा दारात उभे होते. "त्याने सांगितलं होतं," ते म्हणाले. "काटा नीट केलाय म्हणून."

"कुणाला सांगितलं होतं?"

"मला."

नळीने दूध देऊन झालं, अंगाशी ऊब देऊन झाली. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "कालच हवं होतं गं."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा. त्या बिघडल्या तर दुरुस्त करा. पण दुरुस्त केलंत, तर घरातल्या प्रत्येकाला सांगा, ज्याच्याशी बोलत नाही त्यालाही. आणि कुणी तुम्हाला सांगितलं, तर ते पुढे सांगा. बिघडलेल्या काट्याने या घरात कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मास्तरीण पिल्लाला ओंजळीत घेऊन आली. ठिपकी तिच्या मागे मागे ओट्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. या वेळी माझं ताट कुणी शेकलं नाही. तिने पिल्लू माझ्यावर ठेवलं, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वहीत तारीख घालून लिहिलं, एकशे सत्तर.