बुरुजावरून सगळं दिसतं

आम्हा मस्कतच्या मराठी लोकांना दोन वेडं आहेत. शुक्रवारी सकाळी उठून कुठल्यातरी पडक्या किल्ल्यावर चढायचं आणि दिवाळीत बाल्कनीत मातीचा किल्ला करायचा. पहिल्याला ओमानची फुल मदत असते, कारण इथे कुठल्याही डोंगरामागे गाडी वळवा, एक पडका बुरुज उभाच. दुसऱ्याला अजिबात नाही. इथे मातीच नाही! वाळू आहे, खडी आहे, आणि नर्सरीत पिशवीतून मिळते ती काळी माती, जिच्यावर पाणी टाकलं की ती चक्क तरंगते. गेल्या वर्षी मी वाळूचा किल्ला केला होता. स्पर्धेचे परीक्षक लिफ्टने वर येईपर्यंत नुसता ढीग उरला आणि मावळे सगळे आडवे.

पण यंदाची मनाली वेगळी होती. गणपतीत मी अख्ख्या हॉलसमोर मराठीतून निवेदन केलं होतं. अडखळले एकदाच, तेही माइकमुळे. त्याआधी माझं मराठी म्हणजे 'मी जेवण खाल्ली' लेव्हलचं होतं, त्यामुळे सगळ्या काकू येऊन माझे गाल ओढून गेल्या. तेव्हापासून मी थांबतच नव्हते. आमच्या वॉकिंग ग्रुपचे प्रसादकाका म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी किल्ल्याची माहिती मनालीच सांगणार," आणि मी मान हलवायच्या आधीच हो म्हटलं. शिवाय सगळ्यांना जाहीर करून टाकलं की यंदा माझा किल्ला बघाच, खराखुरा दिसणार आहे.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या शुक्रवारचं गाव मस्कतपासून दीडेक तासावर, एका वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, काठाला. खाली खजुराची बाग, बागेतून फलज, म्हणजे डोंगरातलं पाणी आणणारा दगडी पाट, आणि मागच्या टेकडीवर मातीचा एक बुरुज, अर्धा ढासळलेला. गाड्या खाली लावल्या आणि सगळे फलजपाशीच अडकले. तारेवर एक नीलपंख बसला होता. "अगं बाई, हा तर आपल्या सासवडला असतो!" असं आई इतक्या जोरात म्हणाली की तो उडालाच, आणि उडताना त्याचे निळे पंख असे काही चमकले की सगळे मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावले.

मी आणि प्रसादकाकांची रेवा पुढे सटकलो. टेकडीच्या मध्यावर एक पडकं अंगण लागलं. तीन बाजूंना भिंतींचे नुसते दात उरलेले, आणि मध्ये जमिनीवर विटा पसरलेल्या. मातीच्या, गवताच्या काड्या मिसळलेल्या, कडा एकदम छान. शेजारी माती, तीही चाळल्यासारखी मऊ.

"रेवा! किल्ल्याची माती! खऱ्या किल्ल्याची!"

"कोणाची तरी असेल ना?"

"कोणाची असणार? पडक्या आहेत सगळ्या. इथे कोण राहतंय, ती बकरी?" तिथे खरंच एक काळी बकरी होती, आमच्याकडे बघत काहीतरी चावत होती.

विटा जरा ओलसर लागल्या. मला वाटलं दव असेल. ओमानच्या टेकडीवर दव! पण माती बघून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. बॅगेत मावतील तेवढ्या विटा भरल्या, वर मातीची एक पिशवी कोंबली, आणि धावत खाली जाऊन सगळं आमच्या गाडीच्या अजून उघड्याच असलेल्या डिकीत ठेवलं, बीचच्या टॉवेलखाली. वर येताना सगळे भेटलेच. "गाइडबाई, कुठे गायब?" प्रसादकाका म्हणाले. "पाणी प्यायला," मी म्हटलं.

मग बुरुजाच्या पायथ्याशी मी माहिती सांगितली. आणि खूप छान सांगितली, हे मला अजूनही वाटतं, तेच तर वाईट आहे. एका मोठ्या दगडावर चढून मी हात पसरले. "हा बुरुज इथेच का बांधला? बघा. वादी दिसते, बाग दिसते, पायवाट दिसते. शत्रू येऊ दे नाहीतर चोर येऊ दे, बुरुजावरच्या माणसाला तो दिसणारच. लपायला जागाच नाही!" टाळ्या पडल्या. वर आकाशात एक पांढरं गिधाड गोल गोल फिरत होतं, जणू मीच बोलावलेलं.

टाळ्या ऐकून बुरुजाच्या मागून एक बाई आल्या. आईच्या वयाच्या, अबाया आणि पायात ट्रेकिंगचे बूट. त्यांचं नाव जुवैना. नोकरी मस्कतमध्येच, अल् खुवैरला, बाबांच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. त्यांच्यामागून त्यांचे वडील आले, काठी टेकत, एक गुडघा न वाकवता. त्यांना त्या 'अबूय' म्हणत होत्या. बुरुजाची राखण पूर्वी त्यांच्याच घराकडे होती म्हणे. आता सुट्टीच्या दिवशी बापलेक मिळून तो पुन्हा उभा करत होते. आमच्याशी त्या इंग्रजीत बोलत होत्या, अबूय थोडं हिंदी. "बैठो, बैठो," म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना सावलीत चटईवर बसवलंच. थर्मासमधून कहवा, ताटलीत खजूर.

"पुन्हा उभा म्हणजे कसं?" बाबांनी विचारलं.

"विटा अबूय स्वतःच करतात," जुवैना म्हणाल्या. "माती चाळायची, गवत घालून भिजवायची, पायांनी तुडवायची. मी म्हटलं माणसं लावू, तर ऐकत नाहीत. त्यांच्या वडलांनी अशाच केल्या होत्या. खाली अंगणात वाळत घातल्यात या आठवड्याच्या."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी खजुराकडे.

अबूय काठी टेकत खाली अंगणात गेले, आम्हाला दाखवायला एक वीट आणतो म्हणून. मग त्यांचा आवाज आला, मोठा, चिडलेला, आणि बकरीचं ओरडणं. वर आले तेव्हा त्यांच्या हातात वीट नव्हती, बकरीची दोरी होती. ती त्यांनी उन्हातल्या एका खुंटीला आखडून बांधली आणि तिच्याकडे बोट दाखवून बरंच काही बोलले.

"विटा तुडवून टाकल्या म्हणतात तिने," जुवैना हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "गवतासाठी. तुकडेसुद्धा ठेवले नाहीत."

"बकरी म्हणजे बकरीच!" बाबा म्हणाले. "आमच्या कोकणात तर एक बकरी लग्नाची पत्रिका खाऊन गेली होती." सगळे हसले.

मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले असेन.

"सांग ना," रेवा माझ्या कानात म्हणाली.

"गप. नंतर."

"नंतर कधी? मस्कतला गेल्यावर?"

कहवा देणारा तुमचा कप भरतच राहतो, पुरे झालं की कप जरासा हलवायचा, हे सकाळी गाडीत मीच सगळ्यांना शिकवलं होतं. अबूयनी माझ्या कपाकडे पाहिलं आणि थर्मास माझ्या शेजारच्याकडे नेला. मी कप हलवला नव्हता. तो आपला आपणच हलत होता.

मग ते पुन्हा अंगणात उतरले. वरून दिसत होतं, ते बाहीच्या घड्या घालून मातीपाशी बसत होते. एक पाय लांब करून, कण्हत. विटा आजच पुन्हा नव्याने करायला घेतल्या होत्या त्यांनी, या उन्हात. बकरी ओरडत होती.

मी बाबांकडे गेले. "बाबा, गाडीची किल्ली दे ना. टोपी राहिली."

माझा प्लॅन सोपा होता. बॅग आणायची, अंगणाच्या मागच्या भिंतीआड विटा ठेवून द्यायच्या, आणि मग म्हणायचं, अय्या, या काय इथेच आहेत! बकरीपण सुटेल, मीपण. डिकी उघडली, टॉवेल काढला. विटा वाकल्या होत्या. त्यांच्यात माझी बोटं उमटली होती, खोल. तशीच बॅग पाठीवर घेतली आणि पायवाटेने न जाता झुडपांतून, खाली वाकून, वर यायला लागले. बॅगेचा एक बंद तुटला, तेव्हा बॅग पोटाशी धरली.

अर्ध्यात येऊन वर पाहिलं, आणि मला माझंच भाषण आठवलं.

बुरुजापाशी सगळे उभे होते. आई, बाबा, प्रसादकाका, रेवा, जुवैना. ओळीने. सगळे माझ्याकडे बघत होते. मी टोपीशिवाय, चोरासारखी वाकलेली, पोटाशी मातीने भरलेली बॅग. लपायला खरंच जागा नव्हती.

मी अंगणात पोचले तोवर जुवैनाही खाली आल्या होत्या. अबूयनी मान वर केली. मी एकेक वीट त्यांच्यापुढे ठेवली, मग मातीची पिशवी. बाकी सगळे वरून बघत होते आणि मला तोंड उघडता येईना. गणपतीतल्या हॉलमध्ये याच्या दहापट लोक होते. शेवटी मी इंग्रजीत म्हटलं की आमच्या सणाला आम्ही मुलं किल्ला करतो, त्यासाठी घेतल्या, मला वाटलं कोणाच्याच नाहीत. आणि मग, "बकरीने नाही. मी." जुवैनांनी ते अरबीत सांगितलं. अरबीत ते खूपच थोडं झालं.

अबूयनी एक वीट उचलली, माझ्या बोटांच्या खळग्यांत आपली बोटं घालून पाहिली आणि नाही अशी मान हलवली.

"ओल्या होत्या," जुवैना म्हणाल्या. "आता चालणार नाहीत. पुन्हा भिजवायच्या, पुन्हा तुडवायच्या." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा खाली आले. माझ्याकडे न बघता त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अबूय भिजवत होते त्या चिखलात उतरले. "कैसे करना है, चाचा?" असं त्यांनी विचारलं, एवढ्या हळू आवाजात की मला ते माझे बाबा वाटलेच नाहीत. मग मीही उतरले. चिखल गरम होता आणि गवत तळव्यांना टोचत होतं. आम्ही बापलेक समोरासमोर पाय उचलत होतो, आणि बाबा एकदाही वर बघत नव्हते.

तुडवून झालं तेव्हा अबूय उठले. आधी उन्हात जाऊन त्यांनी बकरीची दोरी सोडली, तिची मान खाजवली, कानाशी काहीतरी पुटपुटले आणि ताटलीतला एक खजूर तिला भरवला. माफी मागत होते बहुतेक. मग तीच ताटली घेऊन ते माझ्यासमोर आले, आणि थांबले.

हातांना चिखल होता, तरी मी एक खजूर घेतला. "सॉरी," मी म्हटलं. मराठीत, इंग्रजीत, सगळीकडे तो एकच शब्द मला येत होता. ते म्हणाले, "खलास, खलास," म्हणजे झालं, सोडून दे, आणि अजून एक घे म्हणून ताटली पुढे केली.

परतताना मी मागच्या सीटवर खिडकीशी बसले. खजुराची बी माझ्या तोंडातच होती. काच खाली करून टाकता आली असती, पण काच खाली करायची हिंमत होईना, आणि अल् खुवैर येईपर्यंत मी ती तशीच गालात धरून बसले.