पद घरातच राहावं

मनसारामच्या बायकोची, वच्छलेची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बापूराव त्याच्या अंगणात येऊन बसले. ते गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. मच्छीमार सोसायटीचेही तेच अध्यक्ष. गावात संस्था कितीही निघाल्या तरी अध्यक्ष एकच लागतो, त्यामुळे निवडणुकीचा खर्च वाचतो.

"मनसाराम, समितीनं ठरवलं," बापूराव म्हणाले. "वहिनीचं पद घराबाहेर जाऊ द्याचं नाई. आपल्या दिव्यानीले ग्रंथपाल करून टाकतो."

मनसाराम फाटक्या जाळ्याच्या गाठी बांधत होता. त्यानं खाली मान घालून पुढची गाठ घेतली. बापूरावांना ते आभारासारखं वाटलं असावं.

"अनुकंपा म्हणतात याले. सरकारात पोरं वर्षानुवर्षं चकरा मारतात यासाठी. आपण घरी येऊन देऊन राह्यलो."

वच्छला मेंदूच्या हिवतापानं गेली. लेक दिव्यानी रांगत होती तेव्हापासून ती वाचनालय उघडत होती, झाडत होती, पेपर लावत होती, पुस्तकांना खळ लावून कव्हर घालत होती. या कामाला पगार होता, नव्हता असं कोणी म्हणू नये. फक्त महिन्याचा पगार वर्षातून दोनदा यायचा, तोही सरकारचं अनुदान आलं तर. रोजगार हमीवर माती टाकणारी सुकरी आठवड्यात जेवढं कमवायची, तेवढा वच्छलेचा महिना व्हायचा. पण सुकरीला कोणी मॅडम म्हणत नव्हतं. वच्छलेला म्हणत होते. हा फरक बापूराव दर सभेत समजावून सांगत.

"पुढं काय हाये त्यात?" मनसारामनं विचारलं.

"पुढं? लय हाये! आज आपलं वाचनालय 'ड' वर्गात हाये. उद्या 'क' होईन, मग 'ब', मग 'अ'. ग्रंथपालाचा पगार वाढतच जाते."

वाचनालय स्थापन झालं त्या दिवसापासून 'ड' वर्गात होतं. वच्छला त्याच वर्गात नापास होत होत म्हातारी झाली असती, पण तेवढंही झालं नाही.

"पोरीचा गडचिरोलीले नर्सिंगला नंबर लागला, भाऊ."

"नर्सिंग! रात्रपाळी, रक्त, लोकांचे हागणमूत! इथी सावलीत बसाचं, पुस्तकं वाचाची. येत्या सोमवारी तपासणीवाले साहेब येऊन राह्यले. खुर्ची रिकामी दिसली त अनुदान बंद." बापूरावांनी आवाज खाली आणला. "तलावातल्या मासोळीचे वाटे बी मलेच पुढच्या महिन्यात ठरवाचे हायेत. सगळं सांभाळून घ्या लागते."

ते गेले. दाराआड उभी असलेली दिव्यानी बाहेर आली.

"बाबा, मी राह्यते. आईचं वाचनालय बंद पडन."

"तुझा नर्सिंगचा फार्म तिनंच भरला होता ना?"

"हो, पण तवा ती होती."

मनसारामनं जाळं गुंडाळलं. चूल पेटवायची होती. तो उठला.

रविवारी तलावात मोठं जाळं लागलं. सारी सोसायटी पाण्यात आणि तलावाच्या बांधावर, पाळीवर होती. बापूराव कोरड्या जागी उभे होते, अध्यक्षांनी पाय पाण्यात घालायचे नसतात. एवढी माणसं एकत्र पाहून त्यांना बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"ऐका रे! जाळ्याच्या दोरीवर बापाची जागा कोणाले मिळते? पोराले. घरातला हात गेला की घरातलाच दुसरा हात दोरी धरते. मग वच्छलावहिनीची खुर्ची तिच्या पोरीले काऊन नाई? मी काही वेगळं सांगून राह्यलो का?"

"बरोबर हाये," दोन-चार जण म्हणाले. आपल्या तलावाची रीत अध्यक्षांनी एवढी मानली याचं त्यांना बरं वाटलं.

मनसाराम कमरेएवढ्या पाण्यात होता. दोरी हातातच ठेवून तो म्हणाला, "दोरी धरणाऱ्याले त्याच संध्याकाळी मासोळी भेटते, भाऊ. खुर्चीतून काय भेटत होतं ते माझ्या घरानं पाह्यलं."

पाळीवर सुकरी खळखळून हसली. "मॅडम म्हणत होते ना गा! अजून काय पाह्यजे?"

"ए, गप!" बापूराव म्हणाले. "रीत म्हंजे रीत."

"रीत त पुरी सांगा," मनसाराम म्हणाला. "गाव सोडून गेलेला हात मोजत नाईत. तुमचा पोरगा प्रफुल नागपूरले गेला, त्याले दोरीसाठी कोणी परत बोलावलं का? माझी दिव्यानी उद्या सकाळी गडचिरोलीले चालली. माझ्या घरात दुसरा हात नाई."

बापूराव मुखरूकडे पाहू लागले. मुखरू सगळ्यांत म्हातारा, रीतीचा शब्द त्याचा. त्यानं आधी तंबाखू थुंकली.

"घरात हात नसन त जागा अध्यक्षाची," तो म्हणाला. "दुसरा भेटेपर्यंत अध्यक्षानंच धराची. आपल्या आज्यापासून हेच हाये."

"अरे, ते तलावाचं झालं!"

"आत्ताच त तुम्ही म्हणलं, एकच हाये म्हणून," सुकरी म्हणाली. "अन् तुम्ही त मॅट्रिक पास. साहेबापुढं शोभाल."

आता पाण्यातले, पाळीवरचे सगळेच हसत होते. बापूरावही हसले, कारण वाटे त्यांनी ठरवायचे असले तरी अध्यक्ष ठरवणारी मतं याच लोकांची होती.

सोमवारी सकाळी बसस्टॉपवर दिव्यानी पिशवी छातीशी धरून उभी होती.

"तुम्ही जेवाल काय, बाबा?"

"मासोळ्या."

"अन् बाकीच्या दिवशी?"

"वरण येते मले."

येत नव्हतं. दोघांनाही माहीत होतं. बस आली, ती चढली. खिडकीतून तिनं काही म्हटलं, ते इंजिनाच्या आवाजात गेलं. त्यानं ऐकू आल्यासारखी मान हलवली.

परतताना वाचनालय लागलं. दार उघडं होतं. इस्त्रीचा सदरा घालून बापूराव खुर्चीत बसले होते, आणि साहेब समोर फायली पाहत होते. भिंतीवर वच्छलेचा हार घातलेला फोटो होता. जिवंतपणी तिला त्या भिंतीला खिळा ठोकायचा तर समितीची परवानगी लागायची.

"पूर्णवेळ ग्रंथपाल आपणच? छान," साहेब म्हणाले. "वेतन किती घेता?"

बापूरावांनी आकडा सांगितला. तो इतका हळू सांगितला की साहेबांना ऐकू गेला नाही.

"किती?"

बापूरावांनी पुन्हा सांगितला. साहेबांनी मान वर करून त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. "एवढ्यात भागतं तुमचं?"

बापूराव दाराकडे पाहू लागले. मनसाराम तिथं उभा होता. त्याला वाटलं, हा प्रश्न वच्छलेला कोणी विचारलाच नव्हता. विचारला असता तर तिनं खरं सांगितलं असतं.

"चालते, साहेब," बापूराव म्हणाले. "सेवा म्हणून करतो."

मनसाराम घरी गेला आणि वरणासाठी डाळ निवडायला बसला.