एक ठोका उशिरा आलेलं आमेन

या, अशा पुढच्या बाकांवर सरका. मागं बसून ही गोष्ट ऐकण्यात मजा नाही. सांगता सांगता मला सूर लागला, तर सांभाळून घ्यायला जवळ माणसं हवीत. ओझेल टिब्सला फोन कसा आला, आणि आलेला फोन आमच्याच माणसानं दोनदा कसा आपटला, त्याची गोष्ट सांगतो. एक अक्षर खोटं नाही. थोडं तिखटमीठ आहे, पण ते स्वयंपाकघरातल्या बायकांनी घातलेलं.

ओझेल हा वर्निस टिब्सचा थोरला. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा देह, आणि मान इतकी जाड की शर्टाचं वरचं बटण जन्मात लागलं नाही. आमच्या पाइनी फोर्क कॉलेजात पोरं चारशे, मैदान एक, आणि कुंपणापलीकडे गाई. त्या मैदानावर ओझेल चार वर्षं फुटबॉल खेळला. पण त्याचं काम काय? वाकायचं, आणि दोन पायांमधून तो लांबट चेंडू मागं पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या गड्याच्या हातात फेकायचा. पुढं लाथ मारणार तो गडी, आणि टाळ्याही त्यालाच. चेंडू वाकडा गेला, तरच लोक विचारतात, "हा वाकलेला कोण रे?" चार वर्षांत ओझेलचा एकही चेंडू वाकडा गेला नाही. त्यामुळं गावाबाहेर त्याचं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

मार्चमध्ये मात्र एक माणूस आला. गॅफनी त्याचं नाव. ओहायोकडचा, वाळलेल्या काटकीसारखा, उत्तरेतल्या एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी पोरं हेरत देशभर हिंडणारा. दोन दिवस त्यानं ओझेलचे चेंडू पाहिले, घड्याळ दाबलं, वहीत लिहिलं. जाताना एक कागद भरून घेतला. कागदावर दुसऱ्या फोन नंबरची जागा होती. वर्निसच्या फोनचा काही भरवसा नाही, म्हणून ओझेलनं चर्चचा नंबर लिहिला. वर्निस म्हणाली, "साहेब, रविवार आहे. जेवल्याशिवाय नि प्रवचन ऐकल्याशिवाय या गावातून कुणी जात नाही."

असा गॅफनी आमच्या ड्यू ऑफ हर्मन बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर येऊन बसला. त्या दिवशी रेव्हरंड पिकेटांनी प्रवचनाला बायबलातलं वाळक्या हाडांचं खोरं घेतलं होतं. त्यांचं प्रवचन आधी चालतं, मग धावतं, आणि मग त्याला पंख फुटतात. शब्दांना सूर चढला, ऑर्गन मागून हुंकार द्यायला लागला, हाडाला हाड जुळायला लागलं, टोप्या डुलल्या, डफ वाजले. "ही हाडं उठतील का?" "उठतील!" "उठतील का?" "उठतील!" आणि शेवटच्या ओळीवर सगळं चर्च एका दमात "आमेन!" म्हणून थांबलं. अगदी पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. त्या शांततेत तिसऱ्या बाकावरून, बरोबर एक ठोका उशिरा, नाकातून आलेला एकटाच आवाज: "आमेन."

छप्पर उडायचं बाकी राहिलं, इतके लोक हसले. चर्चच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर एस्थर लू मागं वळून म्हणाल्या, "असू दे बाळा. देव थांबतो." गॅफनीचे कान लाल झाले, पण जेवताना तीन वाट्या गोडाचं पीच कॉबलर चापायला तो विसरला नाही.

आता एप्रिलचा शेवट. तीन दिवस सगळे मोठे संघ आळीपाळीनं पोरं निवडतात. वाकून चेंडू फेकणाऱ्याला असं कुणी सहसा निवडत नाही, हे ओझेलला माहीत होतं. त्याची आशा होती शनिवारच्या संध्याकाळवर. निवड संपली की उरलेल्यांसाठी तासाभराची झुंबड उडते. फोन वाजतात. ज्यानं उचलला तो गेला, नाही उचलला तर यादीतलं पुढचं नाव. आणि तो फोन आला नाही, तर सोमवारी पहाटे पाचला कोंबड्यांच्या कारखान्यात पाळी. मामानं रबरी बूटसुद्धा आणून ठेवले होते. दाराशी उभे असलेले ते बूट पाहिले, की ओझेल मागच्या दारानं बाहेर पडायचा.

इथं आमची चूक झाली. बुधवारच्या प्रार्थनेला रेव्हरंडांनी ओझेलचा नंबर व्यासपीठावरून वाचून दाखवला. "मंडळी, शनिवारी या लेकराला धीर द्या!" आणि लोकांनी तो नंबर बायबलच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतला.

शनिवारी संध्याकाळी निवड संपली आणि ओझेलचा फोन वाजला.

"हॅलो! मी ओझेल टिब्स बोलतोय, सर!"

"सर काय मेल्या, मी मिस कोरिन! आला का फोन?"

"नाही, मिस कोरिन. अजून नाही."

ठेवतो तोच पुन्हा. "ओझेल, आला का?" पुन्हा. "पोरा, आला का रे?" मिस कोरिनचा तर तिसऱ्यांदा. "मी विचार केला, मघाशी मी बोलत होते तेव्हा आला असला तर?"

"मम्मा, यांना कसं सांगू?" ओझेल रडकुंडीला आला.

"मोठ्यांचा फोन तोडायचा नसतो," वर्निस म्हणाली. पण तिचा स्वतःचाच चेहरा उतरला होता. अर्ध्या तासात सदतीस आशीर्वाद झाले, आणि अडतिसाव्याच्या मध्यावर फोनची बॅटरी संपली.

ओझेलनं तो चार्जिंगला लावला, चेंडू उचलला आणि शेजारच्या चर्चच्या अंगणात गेला. जीव घाबरा झाला, की त्याला वाकल्याशिवाय बरं वाटत नसे. पंधरा यार्डांवर रेव्हरंड पिकेट झेलायला उभे राहिले. कोट काढलेला, टाय खांद्यावर टाकलेला.

"रेव्हरंड, देवाला माझा नंबर लागत नसेल तर?"

"त्याच्याकडे दुसरा असेल. टाक चेंडू."

आणि होताच. आत स्वयंपाकघरात, शनिवारच्या विक्रीच्या ताटांच्या ऑर्डरी ज्यावर येतात तो चर्चचा जुना, भिंतीवरचा, गुंडाळ्या तारेचा फोन वाजला. मदर एस्थर लू चौऱ्याऐंशी वर्षांच्या. कोपरापर्यंत मक्याचं पीठ, समोर उकळतं तेल, तेलात कॅटफिश. ओझेल लागत नाही म्हणून सगळं गाव आता इथं फोन करत होतं, आणि मदरचा संयम तेलाइतकाच तापला होता.

"ड्यू ऑफ हर्मन. मासा की चिकन?"

"मला ओझेल टिब्स हवाय."

"सगळ्यांनाच हवाय, बाळा. त्याला अजून फोन आला नाही. लाइन अडवू नकोस." ठक्क!

पुन्हा वाजला. "मॅडम, तो फोन मीच करतोय."

"हो का? आणि मी बायबलातली शबाची राणी!" ठक्क!

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा मदरना दया आली. पलीकडचं कुणीतरी फारच काळजीत दिसतंय.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "एवढा जीव खालीवर होत असेल, तर माझ्याबरोबर प्रार्थना कर आणि फोन ठेव. मधे बोलायचं नाही."

पलीकडच्या माणसाकडे मिनिटं थोडी होती. शेजारी त्याचा साहेब यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवून उभा होता. पण मदर एस्थर लूंनी डोळे मिटल्यावर मधे बोलायची हिंमत कुणाची? त्यांनी सुरुवात बोलून केली, आणि तिसऱ्या वाक्याला सूर लागला. "प्रभू, तू वाळकी हाडं उठवलीस... वाकलेल्यांना तू वर उचलतोस... आमचं हे लेकरू चार वर्षं वाकलंय, आता त्याचं नाव घे, बापा, त्याचं नाव घे..." मासे तळणाऱ्या बायका मागून हुंकार द्यायला लागल्या, कुणी झाऱ्यानं कढईवर ठेका धरला, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलं, "आमेन!"

शांतता. तेल तेवढं चुरचुरलं.

मग तारेच्या पलीकडून, बरोबर एक ठोका उशिरा, नाकातून: "आमेन."

मदर एस्थर लूंचे डोळे खाडकन उघडले.

"अगं बाई! तू तो तीन वाट्यांवाला?"

"होय, मॅडम. आणि मॅडम, देवाची शपथ, ठेवू नका."

ठेवणार कुठल्या! दोन्ही हातांनी त्यांनी तो फोन छातीशी असा धरला की आता तो देवदूतालाही सोडवता आला नसता. अंगणापर्यंत तार पुरेना, म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड करून वरच्या पट्टीत हाक लावली. "ओझेऽऽल!" कढईजवळच्या बायकांनी ती उचलली, "ओझेऽऽल!" पायरीवरच्यांनी पुढं दिली, "त्याचं नाव घेतलंऽऽ!" आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांनी टोपी फेकून म्हटलं, "घेतलंऽऽ!"

ओझेल तेव्हा वाकलेला होता. दोन पायांमधून त्याला दिसलं, की टोप्या आणि पदार्थांची ताटं घेऊन उलटं जग आपल्याकडे धावत येतंय. चेंडू हातातून सुटला, नेहमीसारखाच सरळ. पण रेव्हरंड खिडकीकडे बघत होते. पोटात चेंडू बसला आणि ते मटकन गवतात बसले. "मला सोडा!" ते ओरडले. "पोराला आत न्या!"

पिठानं माखलेला फोन ओझेलनं कानाला लावला.

"ओझेल, एक जागा आहे. पण आधी ऐकून घे..."

"हो, सर!"

"सरावाच्या कॅम्पला नव्वद पोरं येतील. तुझ्या कामाला आणखी एक आहे. शेवटी एकच राहील."

"हो, सर!"

"घरी परत यावं लागलं तर?"

ओझेलनं वळून पाहिलं. वर्निस एप्रनमध्ये तोंड खुपसून हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मिस कोरिन डफ बडवत होत्या, आणि रेव्हरंडांच्या पाठीवरचं गवत कुणीतरी झटकत होतं.

"तर घरी परत येईन, सर," ओझेल म्हणाला. "इथं मासे चांगले असतात. पण मी हो म्हणतोय. अजून किती वेळा म्हणू?"

"एवढं पुरे," गॅफनी म्हणाला, आणि मग जरा घुटमळून, "त्या मॅडमना सांग, मासा. चिकन नको."

सोमवारी पहाटे पाच वाजता कारखान्याचा भोंगा झाला, तेव्हा ओझेल आपल्या खाटेवर पालथा पडून ढाराढूर घोरत होता. ते रबरी बूट आता रेव्हरंड टोमॅटोच्या वाफ्यात वापरतात.

तर उठण्याआधी माझं एक मागणं आहे. कधी सामना बघायला बसलात आणि लाथेसरशी चेंडू आभाळात गेला, की सगळे वर बघतील. तुम्ही क्षणभर खाली बघा. तिथं जो वाकलेला दिसेल, तो आमचा असो नसो, त्याला पाहून ओझेल टिब्सची आठवण ठेवा. प्रार्थनेत त्याचं नाव घ्या. आमेन एक ठोका उशिरा आलं, तरी काळजी करू नका. देव थांबतो.